डाव्या पायाची पेन्शन

माणसाच्या डाव्या पायाला आपल्या समाजात कधी म्हणावी तशी प्रतिष्ठा मिळालेली नाही. नवी नवरी माप ओलांडते ती उजव्या पायानं. देवळात शिरायचं ते उजवा पाय आधी टाकून. परीक्षेला निघालेल्या नातवाला आजी उंबऱ्यात अडवून सांगते, "उजवा टाक रे आधी!" डावा बिचारा मागून येतो, निमूटपणे, आहेर न आणलेल्या पाहुण्यासारखा. नाही म्हणायला कवायतीत पहिलं पाऊल त्याचं असतं. पण तिथं पुढे लगेच उजवा येतोच.

या उपेक्षित पायाला खरं सिंहासन दिलं ते मोटारीनं. उजव्या पायाला दोन नोकऱ्या, ॲक्सिलरेटरची आणि ब्रेकची. डाव्याला एकच, पण ती इनामदारी: क्लच. मोटारीचं सगळं दुःख एका वाक्यात सांगता येतं. इंजिनाला थांबता येत नाही आणि चाकांना थांबावं लागतं. इंजिन मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली आलं की धापा टाकून बंद पडतं. आणि चाकांना तर फाटकापाशी, म्हशींच्या कळपापाशी आणि साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे पदोपदी थांबावं लागतं. या दोघांचा हात योग्य वेळी सोडवायचा आणि पुन्हा हळूच हातात द्यायचा, हे काम क्लचचं. म्हणजे पर्यायानं डाव्या पायाचं. ज्याचा डावा पाय हलका, तो ड्रायव्हर चांगला. बाकीचे नुसते स्टेअरिंग धरून बसलेले प्रवासी.

माझे मामा या डाव्या पायाच्या संस्थानातले शेवटचे राजे. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. मामांचा जन्मही त्याच साली झाला. त्यामुळे एसटी ही आपली जुळी बहीण आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत. पुढे चौतीस वर्षं त्यांनी तिची सेवा केली. करंजी घाट, इमामपूरचा घाट, संगमनेरकडचा चंदनापुरी घाट हे त्यांच्या घराचे जिने. भर चढणीवर पुढचा ट्रक थांबला, तर मामा ब्रेकला पाय न लावता नुसत्या हाफ क्लचवर पन्नास माणसांची गाडी जागच्या जागी तोलून धरत. मागं सरकायची नाही, पुढं जायची नाही. "आतल्या म्हातारीच्या मांडीवरचं ताक सांडलं नाही कधी," हे त्यांचं गोपनीय अहवालातलं वाक्य. अहवाल त्यांनीच स्वतःवर लिहिलेला.

अशा माणसाच्या डाव्याच पायावर दैवानं घाला घातला. अर्धांगाचा झटका तसा हलका होता. हात सुधारला, जीभ तर दुसऱ्याच दिवशी पूर्ववत झाली. पण डाव्या पावलात जोर राहिला नाही. घरातली जुनी मोटार गोठ्यात गेली. मामांचं गाव करंजी घाटापलीकडे पाथर्डीच्या अंगाला. मामींच्या डोळ्यांत महिन्याला एकदा इंजेक्शन द्यावं लागतं, त्यासाठी नगर गाठायचं. एसटीची पायरी डाव्या पायाला झेपेना. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसायचं तर मामांना ते मरणाहून कठीण. असं करता करता दोन खाडे झाले. डॉक्टरांनी मामींना तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "या रोगात गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली फक्त राखता येते."

पुण्याला असलेल्या माझ्या मामेबहिणीनं हे ऐकलं आणि सरळ एक ऑटोमॅटिक मोटार घेऊन दारात उभी केली. मामांचा उजवा पाय, दोन्ही हात, नजर, सगळं तपासून डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं होतं, परवान्याचंही नूतनीकरण झालं होतं. मामा गाडीत बसले. खाली वाकून पाहिलं. दोनच पेडल. ते उतरले आणि मुलीला म्हणाले, "वेसण नसलेला बैल मी दावणीला बांधत नाही."

मग बापलेकीत अबोला. आणि अशा वेळी नातेवाइकांतल्या निवृत्त विज्ञानशिक्षकाला बोलावणं येतं. मला आलं.

"मास्तर," मामा म्हणाले, "मला एवढंच सांग. गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन चालू आहे, मी ब्रेकवर उभा आहे आणि क्लच नाही. तर इंजिन बंद का पडत नाही?"

प्रश्न पहिल्या प्रतीचा होता. मी मामींकडून दोन टेबलफॅन मागून घेतले, समोरासमोर तोंड करून मांडले आणि एकाचंच बटण दाबलं. त्याच्या वाऱ्यानं दुसरा, वायर गुंडाळून ठेवलेला पंखाही फिरायला लागला. "आता त्या दुसऱ्याला बोटानं धरा." मामांनी धरला. पहिला आपला फिरतोच आहे. "झालं. पहिला पंखा म्हणजे इंजिन, दुसरा म्हणजे चाकं, तुमचं बोट म्हणजे ब्रेक. मध्ये लोखंडाला लोखंड लागतच नाही, तर इंजिन बंद पडेल कशाला? गाडीत फक्त वाऱ्याऐवजी तेल असतं. एका बंद डब्यात दोन पाती असलेली चाकं समोरासमोर. एक इंजिनाला जोडलेलं, ते तेल फेकतं. त्याला इम्पेलर म्हणतात. दुसरं गिअरबॉक्सला जोडलेलं, ते फेकलेल्या तेलाचा मार खाऊन फिरतं. ते टर्बाइन. ब्रेकवरून पाय काढला की उरलेल्या हळू रेट्यानं गाडी आपोआप रांगायला लागते."

"म्हणजे ताक घुसळायची रवीच की!" मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ही सगळी युक्ती," मी म्हणालो, "मोटारीसाठी निघालेलीच नव्हती. हर्मान फ्योटिंगर नावाचा एक जर्मन इंजिनिअर श्टेटिन इथल्या व्हल्कन कंपनीच्या जहाजाच्या गोदीत होता. वाफेचं टर्बाइन फिरतं भरधाव, आणि जहाजाचा पंखा हवा संथ. एवढा जोर पेलतील असे दाते तेव्हा मिळेनात. त्यानं दाते काढून मध्ये द्रव घातला आणि १९०५ साली पेटंट घेतलं."

"जहाजाचं जहाजाला," मामा म्हणाले. "पाण्यात घाट नसतो. तुझा हा दुसरा पंखा पहिल्यापेक्षा जास्त जोरानं फिरेल का? नाही. उलट कमीच. मग करंजी घाटात पहिल्या गिअरचा जो जोर लागतो तो कुठनं आणणार? तेलातनं?"

इथंच वीज गेली. दोन्ही पंखे थांबले. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सिद्धांत माझा नसून वीज मंडळाचा होता आणि तोही पडला.

खरं तर मामांनी नेमकं दुखणं दाखवलं होतं. नुसती दोन चाकं असली तर त्याला द्रव जोडणी म्हणतात, आणि ती जेवढा पीळ घेते तेवढाच पुढे देते. दमडी जास्त नाही. 'पीळ' हा शब्द माझा. पाठ्यपुस्तकांत टॉर्कला बलआघूर्ण वगैरे म्हणतात. पण तो शब्द उच्चारेपर्यंत गाडी घाट उतरून गेलेली असते. पिळण्याचा जोर तो पीळ. आणि नगर जिल्ह्यातल्या माणसाला पीळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. समोर बसलेलेच होते.

"मामा, विहिरीच्या कामावर मोठा धोंडा कसा हलवतात?"

"पहारीनं."

"नुसत्या पहारीनं?"

"नुसती पहार काय करणार? खाली टेकू नको का?" आणि मामा थांबले. "म्हणजे त्या डब्यात टेकू आहे?"

आहे. त्याचं नाव स्टेटर. तेल इम्पेलरनं फेकलं, टर्बाइनच्या वाकड्या पात्यांवर आदळलं, त्याला ढकलून परत फिरलं. परत फिरताना त्याचं तोंड उलटं झालेलं असतं. तसंच ते इम्पेलरवर येऊन पडलं तर त्याच्या फिरण्याला विरोध करणार. म्हणजे जत्रेत बाहेर पडणारी गर्दी आत शिरणाऱ्या गर्दीवर आपटावी तसं. म्हणून दोघांच्या मध्ये हे तिसरं, लहानसं पातीवालं चाक घट्ट उभं केलेलं असतं. ते येणाऱ्या तेलाचं तोंड वळवतं आणि इम्पेलर ज्या बाजूला फिरतोय त्याच बाजूला लावून देतं. परतलेल्या तेलात उरलेला जोर आता इंजिनाच्या अंगावर येत नाही, इंजिनाच्या मदतीला येतो. तेल वळवताना स्टेटरला जो उलटा दणका बसतो, तो तो मुकाट्यानं गिअरबॉक्सच्या स्थिर अंगावर टेकवतो. पहारीचा टेकू करतो तेच. त्याच्याचमुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा पीळ चाकांकडे दुपटीच्या आसपास होऊन जातो. फुकट काही नाही. जोर वाढतो तेवढा वेग घटतो, पहारीचं लांब टोक हातभर दाबावं तेव्हा धोंडा बोटभर उठतो तसं. शिवाय घुसळण्यात काही ताकद तेल तापवण्यात खर्च होतेच, म्हणून ते तेल थंड करायची निराळी सोय असते. आणि या डब्याच्या पुढे नेहमीचे गिअर असतातच. फक्त ते आपले आपण बदलतात.

"मग गाडी पळायला लागल्यावर टेकूचं काय?" मामांनी विचारलं. चौतीस वर्षं लोखंडाशी बोललेला माणूस. प्रश्न नेमके येत होते. "तेव्हा तो मध्ये तडमडणारच."

"सायकलचं फ्री व्हील पाहिलंत ना? एका बाजूला जोर लावला तर धरतं, दुसऱ्या बाजूला मोकळं. स्टेटरला तेच बसवलेलं असतं. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आला, की परत येणाऱ्या तेलाचं तोंड आपोआप सरळ होतं, ते स्टेटरच्या पाठीवर येतं आणि स्टेटर मोकळा होऊन बाकीच्यांबरोबर फिरायला लागतो. कामापुरता ताठ, काम झाल्यावर मोकळा. आणि सपाट रस्त्याला वेग धरला की हल्लीच्या गाड्यांत आतला एक क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ एकमेकांना घट्ट बांधून टाकतो. तेव्हा घुसळणंही नाही आणि तेल तापणंही नाही."

'क्लच' हा शब्द ऐकताच मामांच्या चेहऱ्यावर पोळ्याच्या दिवशीच्या बैलासारखं तेज आलं. "म्हणजे आत क्लच आहे!"

"आहे. काही स्वस्तातल्या ऑटोमॅटिकमध्ये तर नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला पायाऐवजी यंत्र ठेवलेलं. पोरीनं तुमच्यासाठी ती घेतली नाही. घाटाचा विचार करून ही घेतली."

मामा यावर काही बोलले नाहीत. पण पुढचा आक्षेपही आला नाही.

त्यांचा पीळ पुरता सुटायला मात्र एक साक्षीदार हवा होता. नगरमध्ये तो मिळतो. सरकारदरबारी जिल्हा आता अहिल्यानगर झाला असला, तरी आमच्या तोंडी अजून नगरच. या नगरला लष्कराचा रणगाडा संग्रहालयाचा मळा आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये तो सुरू झाला. देशोदेशीचे रणगाडे तिथं बागेत उभे आहेत, निवृत्त मामलेदारांसारखे, तोफा किंचित उंचावून. मामींचं इंजेक्शन होतं त्या दिवशी मी भाड्याची गाडी केली आणि परतीच्या वाटेवर मामांना तिथं नेलं.

पॅटनसमोर उभे राहून मी म्हणालो, "हा अमेरिकन. ८१० अश्वशक्तीचं इंजिन, चाळीस टनांच्या वर वजन आणि गिअर किती? पुढं जायला दोन, मागं यायला एक. बस. एवढ्या धुडाला दोन गिअरांत उठवतो कोण? टॉर्क कन्व्हर्टर."

मामांनी पॅटनला प्रदक्षिणा घातली. मग शेजारच्या सेंच्युरियनकडे वळले. "आणि याला?"

"याला क्लच. पाच गिअर पुढं, दोन मागं. सगळे हातापायांनी टाकायचे."

"आणि १९६५ ला जिंकलं कोण?"

उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते त्यांना ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. ८ ते १० सप्टेंबर १९६५, पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तर. पाकिस्तानचे पॅटन पुढं आले ते आपल्या सैन्यानं पाणी सोडून चिखल केलेल्या शेतांत आणि उसाच्या फडांत. घोड्याच्या नालासारख्या मोर्च्यात सेंच्युरियन दबा धरून होते. अब्दुल हमीद या हवालदारानं उघड्या जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडले, तिथंच प्राण दिला आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळवलं. लढाईनंतर तिथल्या भिखीविंडजवळ पकडलेले पॅटन इतके जमा झाले, की त्या जागेला पॅटननगर म्हणायला लागले.

"म्हणजे क्लच जिंकला," मामा छाती काढून म्हणाले.

"जिंकली ती आतली माणसं, मामा. आणि पॅटन हरला तो चिखलात. उसाच्या फडात पाणी सोडल्यावर कुठलाही कन्व्हर्टर काय करणार? तुमची लाल गाडी तरी भिजल्या उसातनं निघाली असती का?"

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. पाणी सोडलेल्या उसात बैलगाडी रुतलेली त्यानं स्वतः पाहिलेली असते.

"आणि आता बघा," मी शेवटचा घाव घातला, "आपल्या अर्जुन रणगाड्यात काय आहे? १,४०० अश्वशक्तीचं इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर. लढाई जिंकणाऱ्यांनीसुद्धा क्लच सोडला. शिवाय अमेरिकेत ब्यूइकनं मोटारीत टॉर्क कन्व्हर्टर आणला तो १९४८ च्या मॉडेलमध्ये. म्हणजे तुमच्याच वयाचा आहे. तिळंच म्हणा तुम्ही: तुम्ही, एसटी आणि हा."

मामा बराच वेळ पॅटनच्या पट्ट्यावर हात ठेवून उभे राहिले. मामी बाकावर बसल्या होत्या, इंजेक्शन दिलेल्या डोळ्यावर हात धरून. मामांनी तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "घाट उतरताना इंजिनचा ब्रेक लागतो का त्याला? का नुसता सुटतो?"

"खालचा गिअर धरून ठेवायची खूण असते दांड्याजवळ. तो लावला की इंजिन गाडी रोखतं. तुम्ही दुसऱ्यावर उतरायचात तसंच."

"मग ठीक आहे," मामा म्हणाले. एसटीच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी डेपो मॅनेजरलाही एवढ्या लवकर ठीक म्हटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मामा स्वतः मामींना घेऊन नगरला आले. त्याआधी आठ दिवस गावच्या शाळेच्या मैदानात सराव केला. नव्या माणसाचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला जातो आणि ब्रेकवर पडतो. मामांनी त्यावर उपाय काढला. डाव्या पायातली चप्पल काढून तो पाय मागं ओढून घ्यायचा, ओसरीवर बसल्यासारखा. "चौतीस वर्षं राबला," ते म्हणतात, "आता त्याला पेन्शन." घाटात त्यांनी मुद्दाम चढणीवर गाडी उभी केली, उजवा पाय ब्रेकवरून उचलला आणि ती मागं सरकते का हे पाहिलं. तिथल्या उतारावर सरकली नाही. मामींच्या मांडीवर ताकाचा तांब्या होता म्हणे. तो खरोखर होता, की मामांच्या अहवालाची ही पुढची नोंद आहे, हे मी विचारलेलं नाही.

तेव्हापासून एकही खाडा झालेला नाही. मामींची उरलेली नजर राखली गेली आहे. बापलेकीचा अबोला तर केव्हाच संपला. आता रोज रात्री फोनवर गाडीच्या तेलाची चौकशी होते आणि त्यात दोघांनाही जे बोलायचं असतं ते बोलून होतं.

या सगळ्यात मला कोणी बोलावत नाही, आणि तेच बरं आहे. आपल्याकडे लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाची एक मोठी खोड असते. दोन घरांचा राग अंगावर घेऊन, आलेले शब्द वळवून तो गाडी जागेवरून उठवतो, तिथपर्यंत त्याच्यासारखा माणूस नाही. पण संसारानं वेग धरल्यावरही तो मध्येच घट्ट उभा राहतो, आणि मग तापतात सगळेच. फ्योटिंगरच्या त्या डब्यातलं तिसरं चाक अधिक शहाणं. अडचण असेल तोवर टेकू द्यायचा, आणि चाकं आपली आपण फिरायला लागली की आवाज न करता मोकळं व्हायचं.